घरच्या तसबिरींतील रणगाडे

निलंगा, औसा, उमरगा या बाजूच्या जुन्या घरांतील लांकडी पेटी उघडली म्हणजे जमिनीच्या पावत्या, लग्नपत्रिका आणि पिवळे पडलेले लखोटे यांच्यामधून कधीं कधीं एक निराळेंच छायाचित्र बाहेर निघतें. चिखलाचा रस्ता, कडेला बाभळीचें झाड, मध्यें एक अवजड लोखंडी वाहन आणि त्याच्यापुढें रुमाल बांधलेले दोनचार गांवकरी, किंवा खाकी गणवेशांतला घरचाच एखादा तरुण. "हा पोलीस कारवाईच्या वेळचा रणगाडा," असें घरांतील वडीलधारें माणूस सांगतें, आणि तेंच वाक्य मुलांच्या व नातवंडांच्या तोंडीं कायम होतें. दुसऱ्या एखाद्या घरीं अशाच चित्राविषयीं "पणजोबा पहिल्या महायुद्धांत बसऱ्यास गेले होते, तेव्हांचा हा रणगाडा" अशी आठवण सांगितली जाते. सांगणारा खोटें बोलत नाहीं. त्यानें जें ऐकलें तेंच तो सांगतो. परंतु चित्रांतलें वाहन खरोखरच रणगाडा आहे काय, असल्यास तो कोणत्या काळचा, आणि ज्या दिवसाशीं त्याचें नातें जोडलें जातें त्या दिवशीं तो तेथें असूं शकत होता काय, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं.

प्रश्न क्षुल्लक नाहींत. मराठवाड्याच्या मुक्तीचा इतिहास सरकारी दप्तरांत जितका आहे तितकाच तो कुटुंबांच्या आठवणींत आहे. १९४८ सालीं वयांत आलेलीं माणसें आतां फार थोडीं उरलीं आहेत. त्यांच्यामागें साक्षीला राहणार तीं हीं चित्रेंच. चुकीच्या नांवाचें एखादें चित्र स्मरणिकेंत छापलें गेलें कीं तें तेथून दुसऱ्या पुस्तकांत जातें आणि पाहतां पाहतां प्रमाण होऊन बसतें. पुढें कोणी जाणकार त्यांतील चूक दाखवितो, आणि मग चित्राबरोबर घरांतली खरी आठवणही खोटी ठरविली जाते. हा तोटा मोठा आहे.

साक्ष तपासण्याचें साधन मात्र चित्रांतच असतें. माणसाच्या चेहऱ्यावरून किंवा धोतर-कोटावरून साल काढणें कठीण. यंत्राची गोष्ट वेगळी. यंत्र कोणत्या तरी कारखान्यांत, कोणत्या तरी सालीं प्रथम तयार झालेलें असतें, आणि त्या सालापूर्वीं तें जगांत कोठेंच दिसणें शक्य नसतें. यंत्र ओळखलें कीं "हें चित्र अमुक सालाच्या आधींचें नाहीं" एवढें निश्चित होतें. येथपर्यंत यंत्राची साक्ष पक्की. त्या सालानंतर तें कधीं, कोठें व कशासाठीं उभें होतें, हें मात्र दुसऱ्या खुणांवरून ठरवावें लागतें.

रणगाड्याचा जन्म पहिल्या महायुद्धांत झाला. फ्रान्समध्यें दोन्ही सैन्यें खंदकांत रुतून बसलीं होतीं. मध्यें कांटेरी तारा आणि त्यांच्यामागें मशीनगन. चाकांची गाडी त्या चिखलांत चालेना, आणि उघडा माणूस त्या माऱ्यांत टिकेना. म्हणून लोखंडी कड्यांच्या अखंड पट्ट्यावर चालणारें, पोलादी कवचाचें एक वाहन इंग्लंडांत गुप्तपणें तयार करण्यांत आलें. तें काय आहे याचा शत्रूस सुगावा लागूं नये यासाठीं त्यास पाण्याच्या टाकीचें, म्हणजे 'टँक' हें नांव मिळालें. हा इंग्रजी शब्दही मूळचा आपल्याकडील 'टांकें' या शब्दाच्या गोत्राचा असावा असें कांहीं कोशकारांचें मत आहे. मराठीनें मात्र तो उसना परत न घेतां 'रणगाडा' हा आपला शब्द रूढ केला.

१५ सप्टेंबर १९१६ रोजीं फ्रान्समधील सोमच्या रणभूमीवर, फ्लेर व कूर्सलेत या गांवांजवळ, रणगाडे प्रथम लढाईंत उतरले. त्यासाठीं ४९ रणगाडे आणले होते, त्यांतले कित्येक वाटेंतच बंद पडले. त्यांचें रूप आजच्या रणगाड्याहून इतकें भिन्न होतें कीं तें एकदां पाहणारा विसरणार नाहीं. बाजूनें पाहिल्यास आकार तिरक्या चौकोनाचा. लोखंडी पट्टा अंगाच्या तळापासून थेट माथ्यावरून फिरलेला. वर फिरता बुरूज नाहीं. तोफा किंवा मशीनगन दोन्ही कुशींना. आंत आठ माणसें. अगदीं पहिल्या नमुन्याला मागें दोन चाकांची शेपटी जोडलेली असे. पूर्ण वर्तुळांत फिरणारा बुरूज फ्रेंच रेनॉ कारखान्याच्या लहान रणगाड्यानें रूढ केला, आणि तेव्हांपासून खालीं पट्टे व वर बुरूज ही रणगाड्याची सर्वपरिचित आकृति झाली.

त्याच सोमच्या रणभूमीवर अवघ्या दोन महिन्यांपूर्वीं, १४ जुलै १९१६ रोजीं, डेक्कन हॉर्स या हिंदी घोडदळानें हायवुडच्या रानाजवळ भाले सरसावून हल्ला केला होता. हें घोडदळ मूळचें हैदराबाद कंटिंजंटचें. त्या फौजेचा खर्च निजामाच्या माथीं असे, आणि तिच्या छावण्या हिंगोलीस व मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या आंबेजोगाईस, होत्या. मराठवाड्याशीं ज्यांच्या पलटणीचें नातें असे स्वार रणगाड्याच्या जन्मभूमीवर हजर होते, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. सबब, या भागांतील एखाद्या घरीं तिरक्या चौकोनाच्या रणगाड्याचें चित्र निघालें तर तें अशक्य म्हणून टाकून देतां येत नाहीं. परंतु त्या काळीं अशीं चित्रें टपालाच्या कार्डांवर छापून सर्रास विकलीं जात. चित्राच्या पाठीवर पत्त्यासाठीं रेघा आणि तिकिटासाठीं चौकोन छापलेला असेल, तर तें विकत घेतलेलें कार्ड असण्याचाच संभव अधिक. स्वारानें तें घरीं पाठविलें हें खरें असेल. त्यांतला रणगाडा त्याच्या शेजारीं उभा होता हें त्यावरून ठरत नाहीं.

बसऱ्याच्या आठवणीचें काय? इराकांत, म्हणजे तेव्हांच्या मेसोपोटेमियांत, पुण्याची सहावी डिव्हिजन लढली. तींत मराठा पलटणी होत्या. ही डिव्हिजन कुत येथें वेढली गेली आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं तिला शस्त्रें खालीं ठेवावीं लागलीं. पहिला रणगाडा रणांत उतरण्यास तेव्हां साडेचार महिने अवकाश होता. पुढेंही मेसोपोटेमियाच्या मोहिमेंत रणगाडे वापरले गेले नाहींत; पूर्वेकडे ते आले ते पॅलेस्टाइनांत, १९१७ सालीं गाझाच्या लढाईंत, आणि तेही अवघे आठ. मेसोपोटेमियांत होत्या त्या चिलखती मोटारी. लांबट पुढा, त्याच्यामागें डब्यासारखें पोलादी अंग, वर गोल बुरूज आणि खालीं साधीं मोटारीचीं चाकें, असें रोल्स रॉइस बनावटीच्या त्या गाडीचें रूप होतें. पणजोबा बसऱ्यास गेले असतील आणि तेथें त्यांनीं चित्रही काढवून घेतलें असेल. परंतु त्यांतील वाहन रणगाडा नसून अशी मोटार असण्याचाच संभव फार.

यावरून पहिला नियम निघतो: बुरूज पाहून भुलूं नये, आधीं खालीं पहावें. पट्टा आहे कीं चाकें आहेत? जमिनीस टेकलेले हवेचे टायर दिसत असतील, तर वर कितीही मोठी तोफ असली तरी ती चिलखती मोटार होय. उलट, पट्टा असूनही वर बुरूज नसेल आणि माथा उघडा असेल, तर तें ब्रेन कॅरिअर म्हणून ओळखलें जाणारें सैनिक-वाहक वाहन असण्याचा संभव मोठा. त्याच्या प्रत्येक बाजूस पट्ट्याच्या आंत तीनच चाकें असतात आणि उंची उभ्या पुरुषाच्या खांद्याच्या आसपास भरते. दुसऱ्या महायुद्धांत हीं वाहनें फार मोठ्या संख्येनें तयार झालीं, आणि घरगुती चित्रांतील पुष्कळसे 'रणगाडे' वस्तुतः हींच वाहनें होत.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत हिंदुस्थानांत जे रणगाडे होते ते ब्रिटिश टँक कोअरच्या हातीं होते. ते हलके, व्हिकर्स बनावटीचे, दोनतीन माणसांचे आणि नुसत्या मशीनगनचे असत; त्यांचें काम मुख्यतः वायव्य सरहद्दीवर. हिंदी घोडदळाचे घोडे जाऊन रणगाडे व चिलखती मोटारी येण्यास १९३८ सालीं सिंद हॉर्सपासून आरंभ झाला, आणि १ मे १९४१ रोजीं हिंदी चिलखती दल रीतसर उभें राहिलें. "आजोबा १९३० सालीं रणगाडा चालवीत" ही आठवण म्हणून तपासून घ्यावी लागते. साल पुढचें असेल, किंवा आजोबा रणगाड्यांच्या तळावर दुसऱ्या कामावर असतील.

दुसऱ्या महायुद्धांत चित्र पालटलें. अमेरिकन कारखान्यांतून स्टुअर्ट, ग्रँट व शर्मन हे रणगाडे आले. ज्या डेक्कन हॉर्सनें सोमवर भाले चालविले होते, तिनेंच १९४५ सालीं ब्रह्मदेशांत मेकटिलाच्या लढाईंत शर्मन रणगाडे चालविले. एका पिढीच्या आंत घोड्याच्या पाठीवरून पोलादी बुरुजांत झालेला हा प्रवास होता. युद्ध संपलें, देश स्वतंत्र झाला, आणि हेच शर्मन व स्टुअर्ट नव्या भारतीय सैन्याच्या वांट्यास आले. तेच पुढें हैदराबादच्या वाटेस लागले.

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं पहांटे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखालील पहिली चिलखती डिव्हिजन सोलापूरच्या बाजूनें संस्थानांत शिरली. नळदुर्गाजवळचा बोरी नदीचा पूल उडविला जाण्यापूर्वींच हातीं आला; सकाळीं जळकोट आणि दुपारीं उमरगा घेण्यांत आला. दुसऱ्या दिवशीं फौज पूर्वेस राजेश्वरकडे वळली, तेथून पुढें जहिराबादेकडे. १७ तारखेस निजामानें युद्ध थांबविल्याचें जाहीर केलें आणि १८ तारखेस जनरल एल एद्रूस यांनीं चौधरींपुढें शरणागति दिली. सोलापूर-हैदराबाद हा सडकेचा मार्ग निलंग्याच्या दक्षिणेकडून जातो. तेव्हां निलंग्याच्या पेटींतील चित्र खुद्द त्या पांच दिवसांतलें असेल तर तें सडकेवरील उमरग्यासारख्या गांवीं काढलेलें असावें, ही शक्यता प्रथम विचारांत घेतली पाहिजे. फौजेबरोबर सामान नेणारा गाडीवान, सडकेवर सोयरीक असलेलें घर, नुसता पाहण्यास गेलेला तरुण, यांपैकीं कोणाच्याही हातून तें निलंग्यास पोंचूं शकतें.

येथें ऋतूची साक्ष उपयोगी पडते. तो सप्टेंबराचा मध्य होता. तुळजापुराहून लोहाऱ्याकडे निघालेली तुकडी नदीला पूर आल्यामुळें अडून पडली होती. त्या दिवसांत या भागांतील रानें हिरवीं असतात आणि काळी माती चाकांस धरते. चित्रांत भुईला भेगा पडल्या असतील, झाडांची पानें झडलीं असतील, तर तें कारवाईच्या दिवसांतलें नव्हे. याचा अर्थ तें खोटें असा मात्र नाहीं. फौज त्यानंतर संस्थानांत राहिली. १९४९ च्या अखेरीपर्यंत चौधरी तेथें लष्करी गव्हर्नर होते. त्या सव्वा वर्षांत गांवोगांवच्या लोकांना रणगाडे जवळून पाहण्याची संधि पुष्कळ मिळाली. लढाईच्या धामधुमींत कॅमेऱ्यापुढें स्वस्थ उभें राहण्यास सवड कोणास? शांतपणें उभे राहिलेले गांवकरी बहुधा नंतरच्याच दिवसांची साक्ष देतात.

आतां त्या काळच्या रणगाड्यांची ओळख. शर्मनच्या प्रत्येक बाजूस खालच्या अंगास सहा लहान चाकें असतात, दोन दोन जोडून तीन जोड्यांत; अंग उंच, सुमारें नऊ फूट; पुढचा भाग उतरता; वजन तीस टनांच्या घरांत आणि आंत पांच माणसें. स्टुअर्ट त्याच्या निम्म्याहून कमी वजनाचा; त्याला चारच चाकें, दोन जोड्यांत, आणि त्यांच्यामागें एक मोठें चाक जमिनीला टेकलेलें; तोफ आंखूड व बारीक. ग्रँटची खूण सर्वांत सोपी: बुरुजावर एक लहान तोफ आणि खालीं अंगाच्या उजव्या कुशींत दुसरी मोठी तोफ. चित्रांत ती डाव्या कुशींत दिसली तर कांच उलटी धरून छापली गेली असें समजावें. पाटीवरचीं अक्षरें उलटीं दिसल्यास तीच शंका घ्यावी. चाकें मोजण्याचें हें काम भिंगानें घरबसल्या होतें. त्यास सैनिकी शिक्षण लागत नाहीं.

एक गोष्ट मात्र घरच्या माणसांना धक्का देणारी आहे. निजामाच्या फौजेचें चिलखती बळ मुख्यतः चाकांच्या गाड्यांचें होतें. हंबर नांवाची इंग्रजी मोटार आणि स्टॅगहाउंड नांवाची अमेरिकन मोटार तिच्याजवळ होती. स्टॅगहाउंड चौदा टनांची, चार प्रचंड चाकांची, वर तोफेचा बुरूज असलेली. ग्रामीण दृष्टीला ती रणगाडाच वाटावी अशी. म्हणजे ज्या चित्राकडे "आमच्या मुक्तीचा रणगाडा" म्हणून दोन पिढ्यांनीं अभिमानानें पाहिलें, त्यांतील वाहन ज्यांच्यापासून मुक्ति मिळाली त्यांच्याच लष्कराचें असूं शकतें. कदाचित शरणागतीनंतर ताब्यांत घेतलेलें. चिलखती मोटारी भारतीय सैन्याजवळही होत्या, म्हणून नुसत्या चाकांवरून पक्ष ठरत नाहीं. ब्रिटिश पद्धतीच्या क्रमांकांत पट्ट्याच्या वाहनांपुढें 'टी' आणि चिलखती मोटारींपुढें 'एफ' हें इंग्रजी अक्षर असे. अक्षर, अंक, रंगविलेलें चिन्ह, जें दिसेल तें उतरून घ्यावें; तेंच पुढें जाणकाराच्या उपयोगीं पडतें.

चित्राची पाठही वाचण्यासारखी असते. निलंगा तालुका १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बिदर जिल्ह्यांत होता. मग तो उस्मानाबादेंत आला आणि १९८२ सालीं नव्या लातूर जिल्ह्यांत गेला. पाठीवर "निलंगा, जिल्हा बिदर" असें असेल तर तो मजकूर बहुधा १९५६ च्या आधींचा. उर्दू अक्षरें आणि तेराशें-साडेतेराशेंच्या घरांतला सन दिसला तर तो निजामी राज्यांतला फसली सन असूं शकतो. त्यांत ५९० किंवा ५९१ मिळविले म्हणजे इसवी सन येतो. हा सन न ओळखल्यामुळें कित्येक कागदांचें वय उगाच शतकांनीं वाढतें.

चुकीचा दुसरा प्रकार याच्या उलट, म्हणजे अलीकडचें चित्र जुनें समजण्याचा. सहा मोठीं चाकें आणि त्यांच्या वरच्या भागावर लोखंडी पडद्यासारखे पत्रे लोंबलेले असतील, तर तो सेंचुरियन असावा. हा रणगाडा भारतीय सैन्यांत १९४८ नंतर कांहीं वर्षांनीं आला. तेव्हां तो पोलीस कारवाईंत असणें शक्यच नाहीं. याच रणगाड्यांच्या पूना हॉर्स या दळाचे नेते लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर १९६५ च्या युद्धांत कामास आले आणि त्यांस परमवीर चक्र मिळालें. ते पूर्वीं निजामाच्या हैदराबाद लान्सर्समधील अधिकारी होते. त्याच युद्धांत हस्तगत झालेले पॅटन रणगाडे पुढें देशांतील अनेक शहरांत चौथऱ्यांवर मांडले गेले, आणि सहलीस गेलेल्या कुटुंबांनीं त्यांच्यापुढें चित्रें काढविलीं. रणगाड्याखालीं चौथरा व भोंवतीं सांखळी दिसली तर तें युद्धाचें नव्हे, सहलीचें चित्र.

इतकें सर्व झाल्यावरही यंत्राची साक्ष अर्धीच राहते. सप्टेंबर १९४८ चा रणगाडा एका घराला रझाकारांच्या दहशतींतून सुटल्याची खूण वाटतो. शेजारच्या दुसऱ्या घराला त्याच महिन्याची आठवण वेगळी असूं शकते. कारवाईच्या वेळीं व नंतर संस्थानांतील मुसलमानांवर जे अत्याचार झाले त्यांची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें केली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड या जिल्ह्यांना अधिक झळ लागल्याचें तिनें नमूद केलें आणि मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार दिला. हा अहवाल पुष्कळ वर्षें लोकांसमोर आला नाहीं. चाकें मोजून रणगाडा शर्मन ठरेल. तो पाहून कोणाच्या छातींतलें भय गेलें आणि कोणाच्या छातींत तें शिरलें, हें चाकें सांगत नाहींत. तें माणसांनींच सांगावें लागतें, आणि दोन्ही घरांनीं सांगितलें तरच चित्र पुरें होतें.

म्हणून अशी तसबीर हातीं आलेल्या घरानें दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहून ठेवाव्या. एक, घरांत परंपरेनें काय सांगितलें जातें व तें कोणी सांगितलें. दुसरी, चित्रांत प्रत्यक्ष काय दिसतें: पट्टा कीं चाक, चाकें किती, बुरूज आहे कीं नाहीं, अक्षरें व अंक कोणते, रान हिरवें कीं सुकें. लिहावें तें मऊ पेन्सिलीनें, पाठीवर कडेला, अथवा निराळ्या कागदावर. दोहोंचा मेळ बसला तर उत्तम. न बसला तरी परंपरेचें वाक्य खोडूं नये, त्याच्याखालीं शंका लिहावी. प्रत्यक्ष ताडून पहावयाचें असल्यास अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथें चिलखती दलाच्या शिक्षणकेंद्रानें १९९४ सालीं उघडलेलें रणगाड्यांचें संग्रहालय आहे. रोल्स रॉइसची चिलखती मोटार, स्टुअर्ट, शर्मन, सेंचुरियन व पॅटन हीं तेथें उघड्यावर उभीं आहेत. निलंग्याच्या पेटींतली वीतभर तसबीर तेथें नेऊन त्या लोखंडाशेजारीं धरली, तर चाकें मोजण्यास भिंगाचीही गरज लागत नाहीं.